कै. डॉ. भाऊ दाजी लाड

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात चालत आलेला आहे. यंदा कोणाची निवड करावी, याविषयी आमचा निश्चय होत नव्हता. तो एका लहानशा प्रसंगाने झाला. घाटंजीकडील एका सभासदाच्या घरी आम्ही वर्गणीनिमित्त गेलो असता त्यांचा मुलगा ओसरीवर पुस्तक पुढे घेऊन खिन्न बसलेला दिसला. मुलगा हुशार, गावच्या शाळेत मराठीतून शिकून वर आलेला आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात नुकताच दाखल झालेला. विषय त्यास जड वाटत नव्हता, भाषा जड वाटत होती. ज्याने हिरडा, बेहडा, बिब्बा, कोरफड लहानपणापासून हाताळली, त्यासच त्या वस्तूंची परकी नावे घोकून पाठ करावी लागत होती. एक शब्द साधला की दुसरा निसटत होता. शिक्षण सोडून शेतीकडे पाहावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. आम्ही त्यास धीराचे चार शब्द सांगितले. परंतु त्यांत फारसा जीव नाही, हे बोलतानाच आमच्या ध्यानी आले. परतीच्या वाटेवर आम्हांस डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण झाले.

भाऊ हे आपल्या जिल्ह्याचे नव्हेत, वऱ्हाडचेही नव्हेत. ज्ञातीने ते गौड सारस्वत ब्राह्मण. स्मरणिकेची पाने आपल्याच ज्ञातीच्या पुरुषांसाठी राखून ठेवावीत, असे मानणारे काही बांधव आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही ते मत आम्हांस मान्य करवत नाही. औषध घेताना ते कोणत्या ज्ञातीच्या हाताने खलले, हे आपण विचारीत नाही. मग औषधविद्या या देशात रुजविणाऱ्यांचे चरित्र वाचताना तरी ते का विचारावे?

भाऊंचा जन्म १८२२ साली गोमंतकातील मांद्रे या गावी झाला. त्यांचे कागदोपत्री नाव कोठे रामकृष्ण तर कोठे रामचंद्र असे आढळते. जगाने त्यांस भाऊ दाजी याच नावाने ओळखले आणि त्यांचे धाकटे बंधूही नारायण दाजी याच नावाने प्रसिद्धीस आले. वडिलांचे नाव विठ्ठल. घरची स्थिती बेताची. अशा घरातील मुलास इंग्रजी शिकविण्याची कल्पना त्या काळी सहसा कोणास सुचत नसे. मुलगा बुद्धिबळात विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांस आग्रह केला की, या मुलास इंग्रजी विद्या द्यावी. आणि वडिलांनी तो मानला, असे सांगतात. एका पटावरील खेळाने आयुष्याची दिशा फिरावी, ही गोष्ट गंमतीची वाटते खरी. परंतु सल्ला देणाऱ्यापेक्षा तो ऐकणाऱ्या बापाचे आम्हांस अधिक कौतुक वाटते. इंग्रजी शिकलेला मुलगा घरचा राहत नाही, अशी धास्ती त्या पिढीत मोठी होती.

मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात भाऊंचे शिक्षण झाले. तेथे त्यांनी इंग्रजी इतके आत्मसात केले की, कच्छ व काठेवाड येथील बालहत्येच्या दुष्ट रूढीवर लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले आणि पुढे त्याच विद्यालयात त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पोटापाण्याची चिंता मिटली होती, मानमरातबही होता. येथे एखादा सामान्य मनुष्य स्थिरावला असता. भाऊंनी मात्र १८४५ साली नव्याने उघडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थी म्हणून नाव घातले. शिकविणाऱ्याने पुन्हा बाकावर जाऊन बसणे किती कठीण असते, हे ज्याने केले असेल त्यासच ठाऊक.

या कॉलेजाची कथा थोडी मागून सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी की मराठी हा आजचा वाद तेथेच प्रथम उभा राहिला होता. १८२६ साली मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक देशी वैद्यकशाळा निघाली होती. तेथे शिक्षण मराठी व गुजराती या भाषांतून दिले जाई आणि त्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाचे ग्रंथ देशी भाषांत उतरविण्याचा उद्योग चालला होता. सरकारने ती शाळा १८३२ साली बंद केली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या कॉलेजाचा विचार पुढे रेटला. ते १८३८ साली वारले. परंतु त्यांचे नाव धारण करणारे कॉलेज सात वर्षांनी, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इस्पितळाच्या शेजारी सुरू झाले. तेथील शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. मराठी शाळा टिकली असती तर काय झाले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. इतके मात्र खरे की, ज्या पिढीस आपल्या भाषेतून वैद्यक शिकण्याचे दार लागून घेतलेले दिसले, त्या पिढीतील मुलांनी परभाषेचे दार ढकलून उघडले.

कॉलेजाचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे कडक शिस्तीचे व शिष्यवत्सल गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली शवविच्छेदनापासून औषधिद्रव्यांपर्यंत सर्व काही शिकावयाचे होते. त्यांतील औषधिद्रव्यांचा विषय भाषेच्या दृष्टीने सर्वांत बिकट. कारण तेथे एकटी इंग्रजी पुरत नव्हती. औषधयोजनेची चिठ्ठी अर्धी लॅटिनमध्ये लिहिली जाई आणि लंडनची औषधसंहिता तर लॅटिनमध्येच छापली जात असे. दिवसातून तीनदा, झोपतेवेळी, जेवणानंतर, इतक्या साध्या सूचनाही लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांनी दर्शविल्या जात. ती आद्याक्षरे आजही आपल्या औषधांच्या दुकानांत चिठ्ठ्यांवर दिसतात आणि घाटंजीच्या त्या मुलास ज्यांनी घाबरविले त्यांत तीही होती.

भाषेच्या पुढे वजनमापांचा घोळ. मराठी घरातील वैद्य गुंज, मासा, तोळा यांत औषध तोलणार आणि इंग्रजी दवाखाना ग्रेन, ड्राम, औंस यांत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळ्याचे ग्रेन १८०. म्हणजे एक गुंज सुमारे १.८७५ ग्रेनची झाली. गुळवेलीच्या काढ्यात गुंजभर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. अफू किंवा बचनाग यांच्या बाबतीत त्याच गुंजभराने मनुष्य दगावतो. म्हणून औषधाच्या विद्यार्थ्यास जी इंग्रजी लागते ती सभेत भाषण करण्याची किंवा पत्रात अलंकार घालण्याची नव्हे. तीत शब्द थोडे असतात, पण एकही शब्द अंदाजाने वाचून चालत नाही. आमच्या लहानपणीचे कंपाउंडर आम्हांस आठवतात. बाटलीत लाल मिक्श्चर भरून तिच्या अंगावर कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवावयाची, म्हणजे तिच्या एकेका खाचेबरोबर एकेक मात्रा संपावी. त्यांपैकी कित्येकांस इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येत नसे. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीतील मात्रा वाचताना त्यांची चूक झालेली आम्ही पाहिली नाही.

पहिली परीक्षा १८५१ साली झाली आणि आठ विद्यार्थी पदवीधर झाले. त्यांत भाऊ होते. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग होते. वनस्पतिशास्त्रात नाव मिळविलेले गोमंतकीय डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ होते. मराठी, कोंकणी व गुजराती बोलणाऱ्या घरांतील ही मुले परक्या भाषेतून परकी विद्या शिकून उत्तीर्ण झाली. पाश्चात्त्य वैद्यक एतद्देशीयांच्या हाती आले, ते मुंबई इलाख्यात या क्षणी. आपला वऱ्हाड तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. दोनच वर्षांनी, १८५३ च्या तहाने तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढे सरकारी दवाखान्यांबरोबर ग्रेन व औंस आपल्या मुलखातही आले.

भाऊंनी मुंबईत व्यवसाय थाटला आणि बंधू नारायण दाजी यांच्या साहाय्याने गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजात शिकलेले. शिवाय, छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात नवी असताना त्यांनी ती हस्तगत केली होती. भाऊंच्या हाताला यश होते, कीर्ती लवकर पसरली आणि पैसाही येऊ लागला. परंतु येथपर्यंतचे चरित्र मुंबईतील आणखी चार-दोन यशस्वी डॉक्टरांचेही सांगता येईल. भाऊंचे वेगळेपण येथून पुढे आहे.

इंग्रजी वैद्यक शिकलेला मनुष्य बहुधा देशी औषधांकडे पाठ फिरवितो. भाऊंनी उलट केले. त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांचे परिशीलन आरंभिले आणि पूर्वजांनी ज्या वनस्पतींस अद्भुत गुण चिकटविले होते, त्या एकेक घेऊन नव्या पद्धतीने रोग्यांवर तपासून पाहिल्या. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, असे त्यांनी मानले नाही आणि संस्कृतात लिहिले आहे म्हणून खोटे, असेही मानले नाही. इंग्रजीने त्यांस तपासण्याची रीत दिली. काय तपासावे, हे त्यांनी आपल्याच घरातून घेतले. आमच्या मते या एका गोष्टीसाठी त्यांचे चरित्र प्रत्येक औषधविद्यार्थ्याच्या हाती असावे.

त्यांचे मन सर्वांत अधिक गुंतले ते महारोगात. त्या काळी या रोगावर डॉक्टरांपाशी काही उपाय नव्हता आणि समाजापाशी गावाबाहेर काढण्याखेरीज दुसरा विचार नव्हता. भाऊंनी एक वनस्पतिज औषध देण्यास आरंभ केला. १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या उपचाराची मुंबईत मोठी चर्चा झाली, कारण रोग्यांस गुण येतो असे लोक बोलू लागले. व्रणांनी त्रस्त झालेले, घरच्यांनी टाकलेले लोक त्यांच्या दारी येऊ लागले.

त्याच सुमारास ग्रँट कॉलेजात डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाचे अध्यापक याच रोगाचा अभ्यास करीत होते. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांस ग्रे यांचे शरीररचनेचे पुस्तक ठाऊक असते. त्यातील चित्रे याच कार्टरांनी काढलेली आहेत. हे कार्टर नॉर्वे देशात जाऊन तेथील महारोग-संशोधन पाहून आले. नॉर्वेतच डॉ. हान्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला. म्हणजे भाऊंच्या हयातीच्या शेवटच्या वर्षी रोगाचे कारण जगास कळले. तोवर तो वंशपरंपरेचा की संसर्गाचा, पापाचा की हवेचा, याविषयी मोठमोठे पंडित वाद घालीत होते.

आता चरित्रकारास जे सांगणे नकोसे वाटते ते सांगावयास हवे. भाऊंनी आपल्या औषधाची कृती उघड केली नाही. परिणामांविषयी पुरी खात्री पटल्यावर ती प्रसिद्ध करावी, असा त्यांचा विचार होता, असे त्यांचे चाहते म्हणत. त्यांच्या व्यवसायबंधूंस ते पटले नाही, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. ज्या नव्या विद्येत भाऊ वाढले, तिचा पहिला नियम असा की, औषध गुप्त ठेवावयाचे नसते. द्रव्य कोणते, मात्रा किती, रोगी किती, बरे किती आणि न झालेले किती, हे सर्व छापून दुसऱ्याच्या परीक्षेस ठेवावयाचे असते. गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाची कृती ही जुन्या वैद्याची रीत. जुन्या विद्येस नव्या कसोटीवर घासणारा हा पुरुष या एका ठिकाणी जुन्याच रीतीने वागला. आम्ही त्यांचे भक्त असलो तरी येथे त्यांचा पक्ष घेऊ शकत नाही. पुढे आजाराने त्यांस गाठले, पक्षाघाताने शरीर निकामी होत गेले आणि प्रसिद्ध करावयाचे ते राहून गेले.

ते द्रव्य म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल होय, असे नंतर ओळखले गेले. हे झाड कोंकण व सह्याद्रीच्या पश्चिमेकडील अंगाचे. आपण उन्हाळ्यात ज्या कवठाची चटणी करतो त्याचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. वनस्पतिशास्त्रात त्यास हायड्नोकार्पस असे नाव आहे. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकाठी वाढणाऱ्या तुवरक नामक वृक्षाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. तो तुवरक म्हणजे हेच झाड, असे आज मानले जाते. एकाच बीजाची ही तीन नावे. ज्यास फक्त तुवरक ठाऊक त्यास झाड सापडत नाही. ज्यास फक्त कडू कवठ ठाऊक त्यास परदेशातील संशोधकाशी बोलता येत नाही. आणि ज्यास केवळ लॅटिन नाव ठाऊक तो कोंकणातल्या कोणत्या गड्यास काय आणावयास सांगणार?

नावांच्या घोळाने किती नुकसान होते, याचे उदाहरण याच औषधाच्या बाबतीत घडले. कडू कवठाचा एक सगोत्र वृक्ष बंगाल-ब्रह्मदेशाकडे होतो. त्याच्या बियांचे तेल चौलमुगरा या नावाने प्रसिद्ध आहे. कलकत्त्याचे डॉ. मोआट यांनी १८५४ साली त्याकडे पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष वेधले. परंतु त्या बिया कोणत्या झाडाच्या, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रारंभीच चूक केली होती आणि ग्रंथांत दशकानुदशके भलत्याच झाडाचे नाव छापले जात राहिले. ती चूक दुरुस्त होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. पुस्तकातील नाव इंग्रजी किंवा लॅटिन आहे म्हणून ते बिनचूक आहे, असे आमच्या मुलांनी समजू नये.

भाऊंच्या बरोबरीच्या व नंतरच्या मंडळींनी हा नावांचा पूल बांधण्याचे काम पुढे नेले. १८६१ च्या सुमारास ग्रँट कॉलेजातच मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग उघडले गेले. म्हणजे १८३२ साली बंद झालेले दार तीस वर्षांनी किलकिले झाले. त्या परंपरेतील डॉ. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. त्यांनी मराठीत वैद्यकावर लेखन केले आणि १८७९ साली मुंबईत मिळणाऱ्या औषधिद्रव्यांची यादी इंग्रजीत प्रसिद्ध केली. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ साली बाहेर आला. हिंदुस्थानासाठी वेगळी औषधसंहिता १८६८ साली इंग्रजांनी तयार करविली होती. स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिता १९५५ ची. तिची भाषाही इंग्रजीच राहिली आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याने ज्यांची नोंदणी होऊ लागली, ते औषधतज्ज्ञ त्याच भाषेतून परीक्षा देत आले.

औषधांखेरीज भाऊंनी जे केले त्याचा विस्तार येथे करता येत नाही. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राचीन लेख वाचण्याचा त्यांस मोठा छंद होता. गिरनारचा रुद्रदामनाचा लेख, अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले व त्यांवर निबंध लिहिले. अजिंठ्याच्या लेखांतील वाकाटक राजांची एक शाखा आपल्या शेजारच्या वाशीम येथे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मास, राज्य करीत होती, हे १९३९ साली तेथे ताम्रपट सापडल्यावर स्पष्ट झाले. त्या राजांस प्रथम उजेडात आणणाऱ्यांत भाऊ होते, ही आपल्या बाजूच्या लोकांनी आठवण ठेवण्याजोगी गोष्ट आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या कालनिर्णयावरील त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि युरोपातील पंडितांनी त्याची दखल घेतली.

या कामात त्यांस एक अमोल साहाय्यक लाभले. ते जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी. भगवानलाल यांचे ब्राह्मी लिपीचे ज्ञान अगाध. परंतु इंग्रजी बेताची. भाऊंच्या खर्चाने ते देशभर हिंडले, शिलालेखांचे ठसे घेत, नाणी जमवीत, पोथ्या शोधीत. भाऊंच्या पश्चात त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले, तेही गुजरातीत. इंग्रजीत ते दुसऱ्यांनी उतरविले. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने १८८४ साली त्यांस सन्माननीय डॉक्टर केले. ज्यास इंग्रजी येत नाही त्याची विद्या कमी, असे म्हणणाऱ्यांपुढे आम्ही हे नाव ठेवतो. आणि इंग्रजीवाचून काही अडत नाही, असे म्हणणाऱ्यांपुढेही हेच नाव ठेवतो; कारण भाऊंसारखा दुभाषी धनी व नंतर भाषांतर करणारे विद्वान मिळाले नसते, तर ही विद्या जुनागढच्या वेशीबाहेर किती गेली असती, कोण सांगणार?

सार्वजनिक कामांत भाऊ नाहीत असे मुंबईत काही नव्हतेच. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस, १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या मूळ फेलोंपैकी एक, विद्यार्थ्यांच्या ज्ञानप्रसारक चळवळीचे व मुलींच्या शाळांचे आधारस्तंभ. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात लोकापवादाची पर्वा न करता त्यांनी डॉक्टर या नात्याने साक्ष दिली. विष्णुदास भावे सांगलीहून नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांस आश्रय देणाऱ्यांतही भाऊ होते. शहराचे शेरीफपद त्यांस १८६९ व १८७१ असे दोनदा मिळाले.

पैसा मात्र टिकला नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि सारे शहर शेअरसट्ट्यात बुडाले. १८६५ साली युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर भल्याभल्यांची घरे कोसळली. भाऊंची पुंजीही त्यात गेली. कापसाच्या भावाने घर बसणे म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांस आम्ही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यानंतरही दवाखाना, ग्रंथ, नाणी, पंडितांचे वेतन हे सर्व त्यांनी यथाशक्ति चालविले. १८७४ च्या मे महिन्यात, वयाची बावन्न वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ते निवर्तले.

भाऊ गेले, तरी ते तेल राहिले. पुढील सत्तर वर्षे महारोगावर जगभर मुख्य आधार याच जातीच्या तेलांचा होता. ते पोटात घेतले की मळमळ होई आणि टोचले तर शरीरात नीट भिनत नसे. ही अडचण १९१५ च्या सुमारास हवाई बेटांत ॲलिस बॉल नामक एका तरुण कृष्णवर्णीय स्त्रीने दूर केली. तिने तेलातील द्रव्यांस टोचण्याजोगे रूप दिले. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर होती, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. तीही आपले काम प्रसिद्ध करण्यापूर्वी १९१६ साली, चोविसाव्या वर्षी वारली आणि त्याचे श्रेय प्रथम दुसऱ्याने घेतले. १९४० नंतर सल्फोन औषधे आली, १९८० नंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला आणि तेलाचा जमाना संपला.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली महारोग्यांची सेवा मांडली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभारले आणि वणीच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली. आपल्या जिल्ह्यातील रुग्णांनीही या ठिकाणी आसरा घेतला. तेथे प्रारंभीच्या काळात गेलेल्या एखाद्या वृद्धाने तेलाच्या सुयांची आठवण सांगितली, तर ती सुई कोठून निघाली हे वाचकांनी त्यास सांगावे.

मुंबईत भायखळ्यास जे वस्तुसंग्रहालय भाऊंनी नाना शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासह खटपट करून उभारविले, ते १८७२ साली खुले झाले. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. मुंबईस जाणाऱ्या सभासदांनी मुलाबाळांस घेऊन ते अवश्य पाहावे. शेजारीच राणीची बाग आहे, त्यामुळे मुलेही कंटाळणार नाहीत.

हे चरित्र छापखान्यात देण्यापूर्वी आम्ही घाटंजीच्या त्या मुलास वाचावयास दिले. त्याने ते वाचून परत केले आणि एवढेच विचारले की, कडू कवठाच्या बिया प्रत्यक्ष पाहावयास कोठे मिळतील. आम्हांस उत्तर देता आले नाही. कोंकणात नोकरीनिमित्त असलेल्या सभासदांनी चार बिया मंडळाच्या पत्त्यावर पाठविल्यास त्या त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था करू.